ताईचं बिऱ्हाड कोल्हापूरहून पुण्याला : धाकट्यांनी काय अंगावर घ्यायचं

ताईला पुण्यात नोकरी लागली की घरातले धाकटे एकाच सुरात म्हणतात, “काही लागलं तर सांग गं.” तिथेच गाडं अडतं. थोरल्या बहिणीला सांगायची सवय नसते. ती रात्री यादी करते आणि सकाळी त्यातलं स्वतःच उरकायला लागते. म्हणून सुटी सुटी कामं मागू नका, अख्खं काम अंगावर घ्या. गॅस एकाकडे, टेम्पो दुसऱ्याकडे, भाचीच्या शाळेचा दाखला दाजींकडे. गॅस घेतला म्हणजे जुनं पुस्तक कपाटातून शोधण्यापासून नव्या घरात पहिला चहा उकळेपर्यंत सगळं. मधे ताईला “पुस्तक कुठंय?” असा फोन गेला तर ते काम परत तिच्याच डोक्यावर गेलं म्हणून समजा.

तीन गोष्टींना मात्र हात लावू नका : घर कोणतं घ्यायचं, काय टाकायचं, आणि स्वयंपाकघर नि देवघर कसं लावायचं. ते तिचं.

पुढचा हिशोब कोल्हापुरातून पुण्याला जाणाऱ्या दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर एवढ्या संसाराचा आहे. नाशिकहून ठाण्याला किंवा नांदेडहून संभाजीनगरला जायचं असेल तर नाक्यांची नावं बदलतील, कामं हीच. हाताशी चाळीस-पंचेचाळीस दिवस असतील तर निवांत होतं. वीस दिवसांतही जमतं, पण मग घर मिळायच्या आधी बांधाबांध सुरू करावी लागते.

घर : नकाशावर नाही, सकाळी नऊला

पुण्यात घर शोधताना भाडं किती याच्या आधी ऑफिस कुठे हे बघा. ऑफिस हिंजवडीला आणि घर हडपसरला, कारण तिथे आत्या राहते, हा हिशोब महिनाभरात अंगाशी येतो. दोन टोकांची ठिकाणं आहेत ती. ऑफिस खराडी-विमाननगरकडे असेल तर मेट्रोची वनाझ ते रामवाडी मार्गिका उपयोगी पडते, पण रामवाडीला उतरल्यावर पुढचे चार-पाच किलोमीटर रिक्षा किंवा बस धरावी लागते, ते धरून हिशोब करा. शिवाजीनगर, मंडई, स्वारगेट या पट्ट्यात काम असेल तर पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मार्गिकेच्या आसपासचं घर सोयीचं.

घर पसंत पडलं की मंगळवारी-बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास तिथून ऑफिसपर्यंत एकदा जाऊन बघा. रविवारी दुपारी पंचवीस मिनिटांत होणारा रस्ता कामाच्या दिवशी सव्वा तास खातो. ताईला रजा मिळत नसेल तर ही फेरी धाकट्यांपैकी कुणीतरी मारावी आणि खरा आकडा सांगावा.

घर बघायला गेल्यावर भिंतीच्या रंगापेक्षा या गोष्टी तपासा. स्वयंपाकघर, बाथरूम आणि बाल्कनीचे नळ एकदम सोडा. धार बारीक झाली तर वरच्या टाकीचा दाब कमी आहे. कपाटांच्या मागच्या भिंतीला हात लावा, ओल बोटाला कळते. नुकताच रंग मारलेला असेल तर जास्तच बघा. प्रत्येक खोलीत दार लावून मोबाइलची रेंज तपासा. गीझर, वॉशिंग मशीन, ओव्हनसाठी १६ अँपिअरचे मोठे सॉकेट किती नि कुठे आहेत ते मोजा. वॉशिंग मशीनचा नळ आणि सॉकेट घराच्या दोन टोकांना, हा घोळ पुण्यात सर्रास दिसतो.

मग पाणी. “पाणी चोवीस तास असतं” या उत्तरावर थांबू नका. ते महापालिकेचं, बोअरचं की टँकरचं, हे वॉचमनला विचारा. दलालापेक्षा त्याचं उत्तर खरं निघतं. खडकवासला साखळीतून येणारं महापालिकेचं पाणी मऊ असतं, त्याला साधं गाळणारं नि अल्ट्राव्हायोलेटचं यंत्र पुरतं. वाघोली, उंड्री, पिसोळी अशा कडेच्या भागांतल्या पुष्कळ सोसायट्या टँकर आणि बोअरवर असतात. त्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो, आणि तिथे आरओ लागतोच. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा, हे त्याच दमात विचारून घ्या.

ऑनलाइन जाहिरातीत घर फार स्वस्त, फोटो झकास आणि मालक म्हणतो “मी बाहेरगावी पोस्टिंगवर आहे, टोकन पाठवा, किल्ली कुरिअरने येईल” : फोन ठेवून द्या. परताव्यासाठी क्यूआर कोड पाठवणारा त्याहून वाईट. पैसे घेण्यासाठी कधीच कोड स्कॅन करावा लागत नाही की पिन टाकावा लागत नाही. घर आतून बघितल्याशिवाय आणि वीजबिलावरचं नाव मालकाच्या ओळखपत्राशी ताडून पाहिल्याशिवाय एक रुपयाही नाही.

करार : सगळ्या कुलपांची एकच किल्ली

नव्या शहरात आधार, गॅस, बँक, इंटरनेट, मतदार यादी, सगळीकडे पत्त्याचा पुरावा मागतात, आणि भाडेकरूकडे तो एकच असतो : नोंदणी झालेला लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे घरभाड्याचा करार. बाकी कामं ढिली पडली तरी चालतील, हे ढिलं सोडू नका.

“अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला? स्टँपपेपरवर नोटरी करून टाकू” असं म्हणणारे मालक अजून भेटतात. महाराष्ट्रात ते चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. हे मालकाला गोडीत सांगितलं की तो सहसा नोंदणीला तयार होतो, कारण नुकसान त्याचं आहे.

खर्चाचा बाऊ करण्यासारखं काही नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. भाडं १८,००० आणि परत मिळणारं डिपॉझिट ६०,००० असेल, तर अकरा महिन्यांचं भाडं १,९८,००० होतं. त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याजाने धरलेले अकरा महिन्यांचे ५,५०० मिळवा. बेरीज २,०३,५००, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे पाचशेच्या थोडं वर. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंट घरी येऊन अंगठे नि फोटो घेतो, त्याची मजुरी वेगळी. हा खर्च निम्मा-निम्मा करायची पद्धत आहे, पण बोलून घ्या.

अंगठा देण्याआधी मसुदा मागवा आणि या जागांवर बोट ठेवून वाचा.

नावं : करार एकट्या दाजींच्या नावावर झाला की ताईच्या आधारवरचा पत्ता बदलायला तोच करार चालत नाही, मग कुटुंबप्रमुखाच्या संमतीचा वेगळा रस्ता धरावा लागतो. त्यापेक्षा दोघांचीही नावं भाडेकरू म्हणून घाला. नावाचं स्पेलिंग आधारवर आहे तसंच, अक्षर न अक्षर.

पत्ता : फ्लॅट, विंग, सोसायटी, रस्ता, गाव, पिनकोड. “बी-३०४” आणि “३०४, बी विंग” असे दोन अवतार दोन कागदांवर झाले की पुढे प्रत्येक खिडकीवर समजावत बसावं लागतं. एकच रूप ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा.

लॉक-इन, म्हणजे करार मधेच मोडता न येण्याची मुदत : सहा महिने दोघांना बांधील असेल तर ठीक. अकरा महिने पूर्ण आणि तेही फक्त भाडेकरूला, असं असेल तर बदलून घ्या. नव्या नोकरीत प्रोबेशनचा काळ असतो, हे ध्यानात ठेवा.

डिपॉझिटची कपात : “रंगाचे पैसे कापून” असं मोघम वाक्य असतं. किती रक्कम, हे आकड्यात लिहून घ्या, आणि घर सोडल्यापासून किती दिवसांत परत ते पण.

मेंटेनन्स कुणी भरायचा, वाहन कुठल्या नंबरच्या जागेत लावायचं, हेही करारातच. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जो बिनभोगवटा आकार लावते तो मालकाचा विषय आहे, आणि तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणंही मालकाचंच काम. त्याची पोच मागून घ्या, सोसायटीच्या ऑफिसात ती विचारतात.

किल्ली हातात आली त्याच दिवशी, सामान यायच्या आधी, रिकाम्या घराचा एकसलग व्हिडिओ काढा : भिंतीवरचे डाग, फुटकी फरशी, कपाटाची बिजागरी, नळ. तो मालकाला तेव्हाच पाठवा. अकरा महिन्यांनी “ही काच तुम्ही फोडली” हा वाद निघतो तेव्हा तारखेसकट तो मेसेज कामी येतो.

गॅस आणि वीज

गावातल्या गावात घर बदललं तर गॅसचं कनेक्शन वर्ग होतं. शहर बदललं की तसं होत नाही. कोल्हापूरच्या वितरकाकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करायचा, पुस्तक दाखवायचं. तो टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन बंद केल्याची पावती देतो आणि डिपॉझिट परत करतो. पुण्यात त्याच कंपनीच्या घराजवळच्या वितरकाकडे ते व्हाउचर आणि करार दाखवून नव्याने डिपॉझिट भरायचं. इथे माणसं चक्रावतात, कारण परत मिळतं ते पूर्वी भरलेलं आणि भरायचं असतं ते आजच्या दराने. १४.२ किलोच्या सिलिंडरचं डिपॉझिट जून २०२२ मध्ये १,४५० वरून २,२०० झालं, रेग्युलेटरचं १५० वरून २५०. ज्यांचं कनेक्शन वीस वर्षांपूर्वीचं, त्यांना फरक चांगलाच जाणवतो. दोन सिलिंडर असतील तर दुप्पट.

सिलिंडर जमा करताना आत उरलेल्या गॅसचे पैसे मिळणार नाहीत असंच धरून चला. शेवटच्या महिन्यात नवा सिलिंडर बुक करू नका, वापरात असलेलाच संपवा. शेवटचे तीन दिवस इंडक्शनवर किंवा डब्यावर काढले तरी बिघडत नाही. भरलेला सिलिंडर टेम्पोत घालून न्यायचा विचारही नको. घरसामानाच्या बंद गाडीत तो ठेवणं धोक्याचं आहे आणि चांगला टेम्पोवाला तो घेतही नाही.

पुण्यात बऱ्याच सोसायट्यांत पाइपचा गॅस आहे. तसं असेल तर कोल्हापूरची शेगडी तशीच जोडता येत नाही. पाइपच्या गॅसला दाब वेगळा असतो, त्यामुळे बर्नरखालचे जेट बदलावे लागतात. जुन्या जेटवर ज्योत बारीक येते, भात शिजता शिजत नाही. गॅस कंपनीच्या माणसाला राहायला जायच्या आदल्या दिवसाची वेळ द्या, शेगडी तेवढी आधी नेऊन ठेवा.

विजेला दोन्हीकडे महावितरणच आहे, म्हणून नवं काही शिकायचं नाही. मालकाकडून १२ आकडी ग्राहक क्रमांक घ्या आणि थकबाकी आहे का ते ऑनलाइन बघा. नंतर पार्किंगमधल्या मीटरच्या खोलीत जाऊन तो मीटर खरोखर याच फ्लॅटचा आहे का ते तपासा. मीटरवर खडूने लिहिलेला फ्लॅट नंबर बरेचदा चुकीचा असतो. घरातला मेन स्विच बंद करायचा आणि मीटरचा दिवा लुकलुकायचा थांबतो का ते खाली उभ्या माणसाने सांगायचं. दोन माणसांचं दोन मिनिटांचं काम. हे न केल्यामुळे शेजाऱ्याच्या एसीचं बिल सहा महिने भरणारे लोक आहेत. रीडिंगचा फोटो काढून ठेवा. कोल्हापूरचं घर भाड्याचं असेल तर तिथेही निघताना तसाच.

टेम्पो

छोटा हत्ती दोन खोल्यांच्या संसाराला पुरत नाही. सात फुटांच्या हौद्यात कपाट आडवं पडलं की संपलं. ४०७ म्हणजे साधारण नऊ-दहा फूट, त्यात एक बेडरूमचं घर मावतं. दोन बेडरूम, सोफा, डायनिंग टेबल, स्कूटर असं असेल तर १४ फुटी आयशर बघा. दोन फेऱ्यांपेक्षा एक मोठी गाडी स्वस्त पडते, कारण पुण्याहून रिकामी परतणारी फेरीही आपल्याच माथी येते.

भाव विचारताना फोनवर “टू बीएचके” म्हणू नका. सामानाची मोजून यादी पाठवा किंवा माणसाला घरी बोलवा. भावात काय काय धरलंय ते लिहून घ्या : बांधणी, चढवणं, उतरवणं, दोन्हीकडचे मजले, लिफ्ट नसेल तर किती जादा, किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर असे चार टोल, जीएसटी, पलंग खोलणं-जोडणं. ठरलेल्या रकमेतला थोडाच भाग आगाऊ द्या, मोठा हप्ता सामान उतरल्यावर. फसवणुकीची ठरलेली तऱ्हा अशी : सामान चढल्यावर किंवा गाडी वाटेत उभी करून “वजन जास्त भरलं, आणखी इतके टाका.” लेखी यादी आणि लेखी भाव असला की ही भाषा बंद होते. बिल्टी (सामान ताब्यात घेतल्याची पावती) आणि गाडीचा नंबर घेतल्याशिवाय गाडी हलू देऊ नका. वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल लागत नाही, त्या नावाखाली कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

महिनाअखेर, पहिली तारीख आणि शनिवार-रविवार या दिवशी गाड्या महाग नि हमाल घाईत. महिन्याच्या मधला बुधवार उत्तम. जून ते सप्टेंबरात बंद बॉडीची गाडीच घ्या. ताडपत्री कितीही घट्ट बांधली तरी घाटातला आडवा पाऊस गादीपर्यंत पोचतो.

वेळेचं गणित असं बसवा. सुमारे २३० किलोमीटर. लादलेल्या गाडीला खंबाटकी धरून सहा-सात तास. सकाळी चढवायला घेतलं तर दुपारी निघणं होतं आणि गाडी नेमकी संध्याकाळच्या गर्दीत नवले पुलाजवळ पोचते. त्या वेळी शहरात मोठ्या गाड्यांना मज्जाव असतो, आणि बऱ्याच सोसायट्यांत सहानंतर सामान चढवू देत नाहीत. म्हणून आदल्या संध्याकाळी चढवून घ्या, गाडी पहाटे तीन-साडेतीनला निघू द्या. दहाच्या सुमारास ती दारात उभी असते आणि अख्खा दिवस हातात राहतो. रात्री गाडी उभी राहणार ती जागा मात्र राखणीची हवी.

बांधाबांध

लागतं ते एवढं : मध्यम खोके तीस, लहान खोके दहा, चिकटपट्टीची जाड रोलं सहा, बबल रॅप, गादीसाठी प्लॅस्टिकची पिशवी, मार्कर दोन आणि रद्दी महिनाभराची. किराणा दुकानातले बिस्किटांचे खोके फुकट मिळतात, पण त्यांचा तळ पुस्तकांना टिकत नाही. पुस्तकं लहान खोक्यातच भरायची. मोठ्या खोक्यात भरली की ते उचलताना हमाल शिव्या देतात आणि खोका तळातून फाटतो.

प्रत्येक खोक्याला नंबर, वरती नाही तर दोन बाजूंना, कारण थप्पीत वरची बाजू दिसत नाही. वहीत नंबरासमोर मजकूर : “१४ – कुकर, परात, पोळपाट, लाटणं, सांडशी.” ही वही धाकट्यांपैकी एकाच्याच हातात राहू द्या. दोन वह्या झाल्या की एकही वही नाही असं होतं.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून दार उघडं ठेवा, बर्फ वितळून पाणी पुसून घ्या. गाडीत तो उभाच राहिला पाहिजे. आडवा पडला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं. म्हणूनच नव्या घरात पोचल्यावर लगेच चालू करायचा नाही, चार-सहा तास उभा राहू द्यायचा. वाटेत आडवा झाला असेल तर त्याहून जास्त. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनच्या मागे ट्रान्झिट बोल्ट लागतात. विकत घेताना ते काढून कुठल्यातरी डब्यात टाकलेले असतात, शोधा. बोल्टांशिवाय नेलं तर ड्रम स्प्रिंगांवर आदळत जातो आणि पहिल्या धुण्याला मशीन घरभर नाचतं. नव्या घरात ते बोल्ट काढल्याशिवाय चालू करू नका, ही चूक पण होते. इन्व्हर्टरची बॅटरी उभी, तोंडं वर, आजूबाजूला कापडाचं काही नाही. तार काढताना आधी निगेटिव्ह.

लोखंडी कपाट आडवं न्यायचं तर आरसा असलेलं दार वरच्या अंगाला, आत गाद्या-उशांखेरीज काही नको. लॉकरची किल्ली दोऱ्याने हँडलला बांधायची नाही, तुमच्या खिशात. दागिने, चेकबुकं, मूळ प्रमाणपत्रं, मालमत्तेचे कागद टेम्पोत जात नाहीत. त्यांची एक पिशवी, ती ताईच्या मांडीवर.

आता लोणच्याची बरणी. आईने दिलेलं वर्षाचं कैरीचं लोणचं आणि कांदा-लसणाची चटणी ही टेम्पोवाल्याच्या दृष्टीने फालतू आणि घराच्या दृष्टीने सर्वांत महाग वस्तू. चिनीमातीची बरणी तशीच नेली तर तेल हमखास झिरपतं, आणि लोणच्याच्या तेलाचा डाग कशावरूनही जात नाही. वरचं तेल आदल्या दिवशी कोरड्या बाटलीत काढून घ्या. बरणीच्या तोंडावर जाड प्लॅस्टिकचा दुपदरी कागद, त्यावर झाकण, झाकणावर सुती फडकं आणि सुतळीने मानेला घट्ट आवळायचं. मग बरणी स्टीलच्या बादलीत उभी, भोवती जुन्या चादरी. बादली टेम्पोत नाही, गाडीत पायाशी. पोचल्यावर तेल परत ओतायचं. ते विसरलं तर वरच्या फोडी उघड्या पडून बुरशी धरतात. चटणी स्टीलच्या डब्यात दाबून भरा, मोकळी जागा राहिली की वाटेत झाकण उडतं.

तुळशीला दोन दिवस आधी पाणी बंद. कोरडी माती हलकी असते आणि चिखल सांडत नाही. देव सर्वांत शेवटी बांधायचे नि सर्वांत आधी उघडायचे, त्यांचा डबा ताई स्वतः घेईल, मधे पडू नका.

एका खोक्यावर लाल मार्करने मोठं शून्य काढा. “शून्य नंबर” म्हणजे पहिल्या रात्रीचा खोका : चादरी, उशीचे अभ्रे, टॉवेल, साबण, बादली-मग, झाडू, फडकी, चहा-साखर, एक पातेलं, गाळणी, सहा पेले, लायटर, सुरी, औषधं, चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड, दोन बल्ब, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, पडद्यांऐवजी दोन जुन्या साड्या नि सेफ्टी पिना. गाडीत हा सर्वांत शेवटी चढतो, म्हणजे सर्वांत आधी उतरतो.

स्कूटरमध्ये पेट्रोल जेमतेम ठेवा, आरसे काढून घ्या. एमएच-०९ पुण्यात चालते, नंबर बदलावा लागत नाही. पण कायमचं राहायचं असेल तर आरसीवरचा पत्ता तीस दिवसांत कळवून बदलून घ्यायचा असतो.

उतरवायचा दिवस

माणसं तीन हवीत आणि जागा ठरलेल्या. एक खाली गाडीपाशी वही घेऊन, खोक्याच्या नंबरवर टिक करत. एक दारात, “१४ स्वयंपाकघर, २२ मागची खोली” सांगत. ताई आत. तिला खाली जिन्यात उभं करू नका, कारण आत नसली की सगळे खोके हॉलमध्ये डोंगर होऊन बसतात.

लिफ्टची रुंदी, उंची आणि दार आठवडाभर आधी टेपने मोजलेलं असलं पाहिजे. सहा फुटी गादी वाकून जाते, बॉक्सबेडचा माथा जात नाही. जिन्यातून जायचं असेल तर वळणावरची मोकळी जागा मोजा. लिफ्टमधून सामान न्यायला सोसायटीची परवानगी, वेळ आणि काही ठिकाणी डिपॉझिट लागतं, ते आधी विचारून ठेवा.

आधी पलंग जोडून घ्या, नट-बोल्टांची पिशवी पलंगाच्याच पाटीला चिकटपट्टीने लावलेली असली तर. नसली तर ती कुठल्या खोक्यात आहे हे वही सांगेल. मग स्वयंपाकघराचा ओटा पुसून शेगडी, दूध उतू घालायचं असेल ते घाला, चहा. जेवणासाठी पहिले तीन-चार दिवस जवळचं पोळी-भाजी केंद्र बघून ठेवा. पुण्यात ती गल्लोगल्ली आहेत आणि घडीच्या पोळ्या घरच्यासारख्या मिळतात. तांबडा-पांढरा मात्र मागू नका.

नंतरचे पंधरा दिवस

कागदांचा क्रम असा : करार, मग आधारवरचा पत्ता, मग आधारच्या जोरावर बाकीचं. आधारसाठी कराराची सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये चढवा, पहिलं पान तेवढं चढवलं की अर्ज परत येतो. मतदार यादीत स्थलांतरासाठी फॉर्म ८ भरायचा. नवीन मतदाराचा ६ नंबरचा भरला की दोन ठिकाणी नाव असल्याचा घोळ होतो.

भाचीच्या शाळेचा दाखला कोल्हापूर सोडण्याआधी हातात हवा. त्यावरची जन्मतारीख, आईचं नाव, जात, आधारचं स्पेलिंग शाळेतच उभं राहून वाचा. एक अक्षर चुकलं तर दुरुस्तीला परत तिथेच जावं लागतं. आठवीपर्यंत सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात आहे. खासगी विनाअनुदानित शाळेत तो आधार नाही.

ताईची नेहमीची औषधं महिनाभराची जास्त घेऊन ठेवा, जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचे फोटो तिच्या फोनमध्ये. सोसायटीजवळचा दवाखाना, रात्री उघडं असणारं औषधाचं दुकान, प्लंबर, दूधवाला, वॉचमन यांचे नंबर त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून वही फ्रिजवर ठेवून द्या.

दाराच्या कुलपाचं तेवढं राहतं. आधीच्या भाडेकरूकडे किल्ली राहिली नसेल अशी खात्री कुणीच देऊ शकत नाही, म्हणून मालकाला विचारून लॅचचा सिलिंडर बदलून घ्या. तीन किल्ल्या येतात. एक ताईकडे, एक दाजींकडे, आणि तिसरी पुण्यातच, तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडे किंवा विश्वासाच्या शेजारणीकडे. तुम्ही ती आठवण म्हणून कोल्हापूरला नेऊ नका, दार लॉक झालं तर २३० किलोमीटरवरून उघडायला येणार कोण?